तान्ह्यांची निद्रा : गिरणगावातील बाळागोळी आणि शस्त्रक्रियेची भूल

भायखळा आणि करी रोड या दोन स्थानकांच्या दरम्यान वसलेल्या चिंचपोकळीचा पूर्वेतिहास सांगणारे लेखक बहुधा गिरण्यांच्या धुराड्यांपासून आरंभ करतात, आर्थर रोडच्या तुरुंगावरून पुढे जातात आणि १९२० साली सुरू झालेल्या तेथील सार्वजनिक गणेशोत्सवापाशी येऊन विसावतात. या वस्तीच्या इतिहासाला आणखी एक धागा आहे, आणि तो म्हणजे येथल्या तान्ह्या मुलांना निजविण्याचा. हे निजविणे दोन प्रकारचे होते. एक चाळीच्या खोलीत, गिरणीचा भोंगा होण्यापूर्वी, अफूच्या गोळीने. आणि दुसरे, दक्षिणेस भायखळ्याच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात व उत्तरेस परळच्या रुग्णालयांत, शस्त्रक्रियेच्या मेजावर, क्लोरोफॉर्म वा ईथरने. दोन्हींत द्रव्य निवडावे लागे, मात्रा ठरवावी लागे, आणि दोन्हींत एका कोवळ्या श्वासाची जोखीम कोणीतरी पत्करलेली असे. या दोन निद्रांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचल्याखेरीज तान्ह्या मुलांच्या भुलेचे शास्त्र इतकी वर्षे नेमके कशाशी झगडत आले, हे पुरते ध्यानात येत नाही, असे माझे मत आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, नायकिणीच्या, म्हणजे स्त्री-मुकादमाच्या, देखरेखीखाली, दिवसाचे दहा-दहा तास उभ्याने काम करणाऱ्या या बायकांपैकी जिच्या घरी सासू किंवा जाणती मुलगी नसेल तिच्यापुढे दररोज सकाळी एकच प्रश्न उभा राही, की अंगावर पिणारे मूल कोणाच्या हवाली करावे? खोली एक, तीत भाडेकरू व पोटभाडेकरू मिळून दोन-तीन कुटुंबे, आणि त्यांतील बहुतेक प्रौढ माणसे एकाच पाळीला बाहेर पडणारी. या अडचणीवरचा उपाय बाजारात अत्यल्प दरात मिळत असे. अफूत मसाल्याची काही द्रव्ये मिसळून केलेली मोहरीएवढी गोळी, जिला सर्व गिरणगाव बाळागोळी म्हणून ओळखत असे, ती दुधात उगाळून चाटविली, म्हणजे मूल दुपारच्या सुटीपर्यंत, पुष्कळदा संध्याकाळपर्यंतही, रडत नसे. घरोघर उगाळली जाणारी मुरडशेंग-वेखंडाची गुटी निराळी. ती पोटासाठी, आणि तिच्यातले जायफळ फार तर थोडी पेंग आणणारे. बाळागोळीत मात्र अफूच मुख्य होती.

ही चाल किती सार्वत्रिक होती याचा दाखला सरकारी दप्तरात आहे. गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने एका स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली होती, त्या डॉ. बार्न्स यांचा अहवाल १९२२ साली सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात अशा स्त्रियांच्या अर्भकांपैकी शेकडा ९८ अर्भकांना अफू दिली जाते असे त्यांनी नमूद केले. याच सुमारास, १९२१ साली, मुंबई शहरातील बालमृत्यूचे प्रमाण नोंदलेल्या हजार जन्मांमागे साडेसहाशेच्या वर गेले होते. हा आकडा वाचून अंगावर काटा येतो, तथापि त्याचा विचार विवेकानेच केला पाहिजे. कारण कोकणातल्या आणि घाटावरच्या पुष्कळ बायका बाळंतपणासाठी गावी जात, त्यामुळे मुलाचा जन्म मुंबईच्या नोंदवहीत चढत नसे, मृत्यू मात्र चढत असे, आणि अशा हिशेबाने प्रमाण फुगत असे. सारी फुगवट वजा घातली तरी जे उरते ते भयंकरच आहे. त्यात अतिसार, देवी, फुप्फुसदाह, कोंदट खोल्या आणि आईच्या आटलेल्या दुधाचा वाटा मोठा होता. अफूचा वाटा निराळा काढून दाखविणे शक्य नाही. परंतु ती काय करते हे आज निश्चितपणे माहीत आहे. मेंदूच्या तळाशी जे श्वासकेंद्र आहे त्याला ती मंदावते, आणि पहिल्या काही महिन्यांच्या अर्भकात हे केंद्र अद्याप अपरिपक्व असल्यामुळे प्रौढाला केवळ पेंग आणणाऱ्या मात्रेच्या अंशानेही त्याचा श्वास थांबू शकतो. शिवाय गुंगीतले मूल भुकेने रडत नाही, म्हणून त्याला पाजलेही जात नाही. शांत दिसणारे मूल दिवसेंदिवस सुकत जाते.

त्या काळच्या कित्येक लेखनांत आईच्या अज्ञानावर सगळा दोष टाकलेला आढळतो, आणि तो वाचताना मला नेहमी खेद होतो. दहा तास मुलापासून दूर राहण्याची सक्ती जिच्यावर होती, तिने भुकेल्या रडण्याऐवजी निद्रा निवडली, यात अज्ञानापेक्षा निरुपाय अधिक होता. हे ओळखणारे लोकही तेव्हा होते. मुंबईच्या कायदेकौन्सिलात १९२८ साली प्रसूति-साहाय्याच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बाजूने बोलले, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा अमलात आला. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा होय. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर ठेवणे बंधनकारक केले. बाळागोळीचा अंमल उपदेशाने जितका ओसरला, त्याहून अधिक तो या असल्या तजविजींनी, आणि गिरण्यांतून स्त्रियांची संख्याच घटत गेल्यामुळे, ओसरला असावा.

आता दुसऱ्या निद्रेकडे वळू. चिंचपोकळीहून पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर, भायखळ्यास, १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले जमशेटजी जीजीभाई रुग्णालय उभे राहिले, तेव्हा शस्त्रक्रियेसाठी वाफ हुंगवून भूल देण्याची पद्धत जगात रूढ झालेली नव्हती. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बोस्टन येथे मॉर्टन याने ईथरचा जाहीर प्रयोग करून दाखविला. पाच महिन्यांत, २२ मार्च १८४७ रोजी, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात तो हिंदुस्थानात झाला. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्सन याने क्लोरोफॉर्म पुढे आणले. आपल्याकडे या दोहोंपैकी क्लोरोफॉर्मने पुढील अर्धशतकाहून अधिक काळ जे वर्चस्व गाजविले, त्याचे एक कारण अगदी हवामानाचे होते. ईथर ३४.६ अंशांवर उकळते. वैशाखातल्या मुंबईत ते बाटलीत टिकविणे कठीण, आणि मुखवट्यावर टाकलेले थेंब रोग्याच्या श्वासात जाण्याऐवजी खोलीच्या हवेतच विरून जात. क्लोरोफॉर्म ६१ अंशांवर उकळते, त्याचा वास गोडसर, ते पेट घेत नाही, आणि काम भागविण्यास अल्प पुरते. मुलांना तर ते चटकन मानवे. ईथरच्या उग्र वासाने कोंडणारे, खोकणारे मूल क्लोरोफॉर्मने काही श्वासांतच निश्चल होई.

या निश्चलपणातच धोका दडला होता. क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोच, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडच्या उत्तर भागात पायाचे नख काढून घेण्यासाठी आलेली पंधरा वर्षांची एक मुलगी त्याच्या वाफेने दोन-तीन मिनिटांत दगावली. त्यानंतर असे मृत्यू होतच राहिले, आणि ते बहुधा भुलेच्या आरंभीच, निरोगी माणसांत होत. लंडनचा जॉन स्नो, ज्याने १८५३ साली राणी व्हिक्टोरियाला प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म दिले, तो या बाबतीत आपल्या समकालीनांच्या फार पुढे होता. त्याने वाफेचे प्रमाण मोजण्याचा आग्रह धरला. दुभंगलेला ओठ शिवण्यासाठी आणलेल्या काही आठवड्यांच्या अर्भकांना त्याने मोठ्या संख्येने भूल दिली, आणि १८५८ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहून ठेविले, की मुलांचा श्वास व रक्ताभिसरण वेगवान असल्याने त्यांना क्लोरोफॉर्म प्रौढांपेक्षा लवकर चढते आणि लवकर उतरते. तान्ह्या मुलांच्या भुलेचे निम्मे शास्त्र या एका निरीक्षणात सामावलेले आहे. जे लवकर चढते ते लवकर प्रमाणाबाहेरही जाते. देणाऱ्याची नजर क्षणभर ढळली तर चूक सुधारण्याची मुदत अर्भकाच्या बाबतीत फार थोडी असते.

क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हा वाद पुढे आपल्याच देशात येऊन पोहोचला. निजामाच्या राज्यात सर्जन असलेल्या एडवर्ड लॉरी याने १८८८ व १८८९ साली, निजाम सरकारच्या खर्चाने, हैदराबादेस दोन आयोग चालविले; दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाचारण करण्यात आले. शेकडो प्राण्यांवरील प्रयोगांनंतर निष्कर्ष निघाला तो असा, की श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून. म्हणून भूल देणाऱ्याने नाडीचा नाद सोडावा आणि श्वासावर अखंड दृष्टी ठेवावी. लॉरीच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषींनी हैदराबादच्या रुग्णालयांत पुढे वर्षानुवर्षे भूल दिली; जगातील आद्य स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. लॉरीचा निष्कर्ष मात्र अर्धाच खरा ठरला. गुडमन लीव्ही याने १९११ साली दाखवून दिले, की हलक्या क्लोरोफॉर्मखाली, भीतीने वा वेदनेने रक्तात ॲड्रिनॅलिन उसळले असता, हृदयाचे स्नायू एकाएकी विस्कळीत कंप पावू लागतात आणि श्वास चालू असतानाच ते बंद पडते. तरीही हैदराबादने दिलेली शिस्त मी कमी लेखणार नाही. भूल देणाऱ्याने शस्त्रक्रियेकडे नव्हे तर छातीच्या हालचालीकडे पाहात बसावे, हा नियम तान्ह्या मुलाच्या बाबतीत पुढच्या सर्व उपकरणांच्या आधीचा, आणि आजही सर्वांत मोलाचा आहे.

१९२६ साल परळच्या इतिहासात विलक्षण महत्त्वाचे आहे. त्या वर्षी किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय आणि शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्याच सुमारास शेजारी नवरोजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले, आणि १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय. गोर्धनदास सुंदरदासांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अध्यापक व वैद्य सर्व हिंदी असावेत अशी अट घातली होती. जमशेटजी रुग्णालयातील वरिष्ठ जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असल्यामुळे ज्यांना दार बंद होते, त्या आपल्या डॉक्टरांना परळात प्रथमच पूर्ण जबाबदारीचे क्षेत्र मिळाले. आणि हे क्षेत्र गिरणगावाच्या मध्यभागी होते. जी मुले बाळागोळीवर निजत, त्यांचीच अडकलेली आतडी, बंद गुदद्वारे, उतरलेले अंतर्गळ घेऊन आया या रुग्णालयांच्या पायऱ्या चढू लागल्या. आर्थर रोडचे सांसर्गिक रोगांचे रुग्णालय, जे पुढे कस्तुरबांच्या नावाने प्रसिद्ध झाले, ते तर चिंचपोकळीच्या हद्दीतच होते. घटसर्पाने गळा आवळलेल्या मुलांचा श्वास मोकळा करण्याची निकड कशी असते, हे त्या काळच्या डॉक्टरांना वेगळे शिकवावे लागत नसे.

या पिढीच्या हाती जे द्रव्य होते ते मुख्यतः ईथर. क्लोरोफॉर्मची भीती एव्हाना सर्वत्र मुरली होती. तारेच्या सांगाड्यावर जाळीदार कापडाच्या घड्या ताणलेला मुखवटा मुलाच्या तोंडावर धरायचा, डोळ्यांवर ओला बोळा ठेवायचा, आरंभी थोडे एथिल क्लोराइड शिंपडून शुद्ध हरपवायची आणि मग ईथरचे थेंब एका लयीत सोडीत राहायचे, हा प्रघात आपल्याकडे कित्येक दशके चालला. पुष्कळदा हे काम एखाद्या उमेदवार डॉक्टरावर सोपविले जाई. भूल हा स्वतंत्र व्यवसाय आहे ही जाणीव हळूहळू रुजली, आणि हिंदी भूलतज्ज्ञांची संस्था स्थापन झाली ती १९४७ साली. ईथरचे दोष सर्वांना ठाऊक होते. त्याने लाळ व कफ वाढे, म्हणून आधी ॲट्रोपिनची सुई टोचावी लागे. घशाचे स्नायू आवळत. उष्ण हवेत, तापाने फणफणलेल्या मुलाला झटके येण्याची भीती असे. आणि ते पेट घेई. असे असूनही ते टिकले, कारण ते क्षमाशील होते. ईथर श्वासाला मंद करण्याआधी चेतविते, आणि मात्रा वाढत गेली तर श्वास पुष्कळ आधी थांबतो, हृदय त्यानंतर बराच वेळ तग धरते. मुखवटा उचलला, दोन-चार वेळा छाती दाबली, तर मूल परत येई. ज्या शस्त्रक्रियागृहात नळीने श्वास देण्याची सोय नाही, रक्तातील प्राणवायू मोजण्याचे यंत्र नाही, आणि मेजाच्या डोक्याशी बसलेला माणूस सहा महिन्यांपूर्वी परीक्षा उतरलेला आहे, तेथे असे द्रव्य निवडणे हे मागासपणाचे लक्षण नव्हते. पहारा जितका दुबळा तितके द्रव्य सहनशील असावे लागते. तान्ह्यांच्या भुलेतील द्रव्यांची निवड प्रत्येक काळात या हिशेबानेच झाली, हे मला या साऱ्या इतिहासाचे सूत्र वाटते.

अर्भकाच्या बाबतीत हा पहारा एवढा कडक का लागतो, याचे कारण त्याच्या शरीररचनेतच आहे. वजनाच्या मानाने त्याला प्रौढाच्या दुप्पट प्राणवायू लागतो, आणि फुप्फुसांतील शिल्लक मात्र तुटपुंजी. रोजच्या मजुरीवर रोजचा शिधा आणणाऱ्या घरात एक दिवस खाडा झाला म्हणजे जशी चूल थंड पडते, तशी त्याची गत. काही सेकंदांचा श्वास चुकला की ओठ निळे पडू लागतात. जीभ मोठी, स्वरयंत्र उंचावर, श्वास प्रायः नाकानेच. हृदय प्रत्येक ठोक्यात अधिक रक्त ढकलू शकत नाही, म्हणून ठोके मंदावले की अभिसरणच मंदावते. तीन किलो वजनाच्या बालकाच्या अंगी सारे रक्त सुमारे २५० मिलिलिटर. जे प्रौढाच्या शस्त्रक्रियेत पुसून टाकण्यावारी जाते, ते येथे प्राणावर बेतते. आणि एवढ्याशा देहाचे पृष्ठभाग-प्रमाण मोठे असल्याने त्याची ऊब झपाट्याने निघून जाते, हे तर मुंबईच्या उकाड्यातही खरे.

या देहासाठी उपकरणे घडविण्याचे काम पुष्कळ उशिरा सुरू झाले. प्रौढांसाठीच्या नळ्या आणि झडपा अर्भकाच्या श्वासाला इतका अडथळा करीत की त्याचे बळ श्वास ओढण्यातच खर्ची पडे. इंग्लंडातील न्यूकॅसलच्या फिलिप एअर याने १९३७ साली यावर जो तोडगा काढला तो इतका साधा होता की तो आधी कोणाला कसा सुचला नाही याचे आश्चर्य वाटावे. टी या अक्षराच्या आकाराची एक नळी, जिला एकही झडप नाही. एअर स्वतः दुभंगलेला ओठ व टाळू घेऊन जन्मला होता, आणि त्याच व्यंगाच्या शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या बालकांना भूल देताना त्याने ही नळी वापरली. लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस याने १९५० साली तिला शेपटीशी उघडी असलेली रबरी पिशवी जोडली. ही पिशवी तळहातात धरून बसलेल्या भूलतज्ज्ञाला मुलाचा प्रत्येक श्वास बोटांना जाणवतो, थांबला तर बोटांनीच तो देता येतो. परळच्या रुग्णालयांतच काय, महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावीही, ही पिशवी पुढच्या कित्येक पिढ्यांच्या हातात राहिली आणि आजही आहे. भूलशास्त्राच्या साऱ्या साधनांत ती मला सर्वांत प्रिय वाटते.

जॅक्सन रीसच्या पद्धतीची दुसरी बाजू मात्र क्लेशकारक आहे. नवजात बालकाला नायट्रस ऑक्साइडची हलकी भूल, स्नायू शिथिल करणारे औषध, आणि हाताने दिलेला श्वास, ही ती पद्धत. तिने असंख्य बालके वाचविली, कारण हृदयाला दडपणारी द्रव्ये तिने बाजूस ठेविली. परंतु तिच्या मुळाशी, आणि त्या काळच्या बहुतेक बालशस्त्रक्रियेच्या मुळाशी, एक गृहीत होते, की नवजाताचे मज्जातंतू अपूर्ण असल्यामुळे त्याला वेदना फारशी होत नाही, झाली तरी स्मरत नाही. मॉर्फिनला तर वर्षाच्या आतील मुलासाठी कटाक्षाने वर्ज्य मानले जाई, श्वास थांबण्याच्या भयाने. आणि ते भय खोटे नव्हते. पाश्चात्त्य देशांत जठराच्या तोंडाची गाठ कापण्यासाठी बालकाला जागेच बांधून, साखर-ब्रँडीत बुडविलेली चिंधी चोखायला देऊन, पोट उघडीत असत. गिरणगावाच्या संदर्भात हे आठवले की मन विषण्ण होते. चाळीत कसलीही वेदना नसलेल्या मुलाला रोज अफू मिळत होती आणि तिच्यावर पहारा नव्हता. रुग्णालयांत ज्याच्या अंगावर सुरी चालत होती त्याला, पहारा असूनही, तिचा अंश मिळत नव्हता.

हे गृहीत मोडून काढण्याचा मान ज्यांना मिळाला ते डॉ. कंवलजीत सिंह आनंद हे इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ऑक्सफर्डला गेलेले. हृदयाजवळची उघडी राहिलेली नलिका बांधण्याची शस्त्रक्रिया होणार होती अशा अकाली जन्मलेल्या सोळा बालकांचे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गट केले. आठांना रूढ हलकी भूल, आठांना तिच्या जोडीस फेंटॅनिल, जे अफूच्याच कुळीचे पण कृत्रिम व प्रबळ औषध आहे. वेदनाशामक न मिळालेल्या बालकांच्या रक्तात ताणाची संप्रेरके उसळली, आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही त्यांच्यात अधिक झाले. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संस्थेने नवजातांनाही वेदनारहित भूल देण्याची शिफारस जाहीर केली. सोळा बालकांच्या अभ्यासाने शतकाची समजूत उलटावी, असे प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात विरळा आहेत. अफूचे कूळ शस्त्रक्रियागृहात सन्मानाने परतले, पण ते मायक्रोग्रॅममध्ये मोजलेले, नळीने दिल्या जाणाऱ्या श्वासाच्या आधाराने, आणि रक्तातील प्राणवायू अखंड दाखविणारे यंत्र बोटाला लावून.

वायुरूप द्रव्यांची कथा त्या मानाने थोडक्यात सांगता येते. १९३० च्या दशकात आलेले सायक्लोप्रोपेन बालकांना झटपट निजवी. बोस्टनला १९३८ साली हृदयाजवळच्या त्या नलिकेची जगातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली ती त्याच्याच भुलेखाली. पण ते स्फोटक होते, आणि विजेवर चालणारी साधने शस्त्रक्रियागृहात आल्यावर त्याचे दिवस भरले. १९५६ साली मँचेस्टरमध्ये हॅलोथेन प्रथम माणसांत वापरले गेले. न पेटणारे, गोड वासाचे, मुखवट्यावाटे मुलाला न रडविता निजविणारे हे द्रव्य मुलांच्या भुलेत जगभर अग्रस्थानी आले, आणि आपल्याकडे तर ते इतर देशांनी सोडल्यावरही पुष्कळ वर्षे राहिले. त्याचा दोष हृदयाशी होता. ते ठोके मंदावी, स्नायूची शक्ती घटवी. आणि नेमक्या याच दोन बाबतींत अर्भक दुबळे. त्यातच १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी दाखविले की अर्भकाला प्रौढापेक्षा हॅलोथेन अधिक लागते. पुढे, १९८३ साली, हिशेब आणखी बारीक झाला : सुरी लागताच निम्मी बालके हालणार नाहीत एवढे प्रमाण नवजातांत शेकडा ०.८७, तर एक ते सहा महिन्यांच्या अर्भकांत १.२. म्हणजे पहिल्या महिन्यात कमी लागते आणि नंतर एकदम वाढते. दहा दिवसांचे मूल आणि चार महिन्यांचे मूल यांना एकच मात्रा देणे यापुढे अक्षम्य ठरले. नव्वदच्या दशकात जपानमधून आलेल्या सेवोफ्लुरेनने हॅलोथेनची जागा घेतली. त्याचा वास सौम्य आहे, ते लवकर चढते व लवकर उतरते, आणि हृदयाला त्याचा जाच कमी. त्याच वर्गातील आयसोफ्लुरेन व डेसफ्लुरेन ही मुखवट्यावाटे मुलाला निजविण्यास निरुपयोगी, कारण त्यांच्या तिखट वाफेने घसा आवळतो. त्यामुळे मुंबईतल्या एखाद्या बालरुग्णालयात आज तान्ह्याला मुखवट्याने भूल द्यायची असेल, तर बहुधा सेवोफ्लुरेनच असेल.

तेवढ्याने प्रश्न संपला असे झाले नाही. १९९९ पासून प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसू लागले की मेंदूची वाढ वेगाने होत असण्याच्या काळात दिलेली जवळजवळ सर्वच भूलद्रव्ये चेतापेशींचा नाश घडवू शकतात. त्यामुळे २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन वर्षांखालील मुलांतील तीन तासांहून अधिक लांबलेल्या किंवा वारंवार दिलेल्या भुलेविषयी इशारा दिला. याच विवंचनेतून तान्ह्यांना कमरेतून, मणक्यात सुई देऊन, जागेपणी शस्त्रक्रिया करण्याची जुनी रीत पुन्हा पुढे आली. लंडनच्या टिरेल ग्रे याने ती १९०९ सालीच वापरली होती. त्यानंतर ती मागे पडली. १९८४ साली अमेरिकेतील व्हरमाँटच्या डॉक्टरांनी अकाली जन्मलेल्या बालकांसाठी तिला नवे जीवन दिले, कारण अशा बालकांचा श्वास पूर्ण भुलेनंतर कित्येक तासांनीही अवचित थांबू शकतो. सात देशांतील अठ्ठावीस रुग्णालयांत अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ७२२ अर्भकांवर या दोन पद्धतींची तुलना करण्यात आली. सेवोफ्लुरेनच्या भुलेचा काळ सरासरी तासाभराहून थोडा कमी होता, आणि २०१९ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या बुद्धिमापनात फरक आढळला नाही.

परळच्या बालरुग्णालयात दोन महिन्यांचे मूल अंतर्गळासाठी आणणारा बाप आज संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मेंदूविषयी विचारतो, कारण त्याने ते कोठेतरी वाचलेले असते. त्याला देण्याजोगे प्रामाणिक उत्तर असे आहे, की तासाभराच्या एका भुलेने बुद्धीला बाध येतो असा पुरावा नाही. तीन-चार तासांच्या किंवा पुनःपुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियांविषयी अद्याप तितके निश्चयाने बोलता येत नाही. ज्या शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही ती या भीतीने लांबविणे हे अधिक धोक्याचे. आणि जी वाट पाहू शकते ती थोडी थांबविणे शहाणपणाचे. मूल जर दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले असेल आणि गर्भधारणेपासून साठ आठवड्यांच्या आतले असेल, तर त्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवीत नाहीत; एक रात्र श्वास व नाडी दाखविणाऱ्या यंत्राला जोडून, परिचारिकेच्या नजरेखाली, रुग्णालयातच ठेवून घेतात.